काशीचा रंग उतरवला तेव्हा

"कट!" झालं तरी काशी उठली नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, सकाळच्या धुक्यात, पाण्याच्या टाक्याकाठी ओल्या कातळावर ती पडून होती. असिस्टंट डायरेक्टर हसला. "काय अ‍ॅक्टिंग आहे! मैनावती, उठा आता!"

मैनावती हे सिनेमातलं नाव. काशीला सकाळपासून सगळे त्याच नावाने हाका मारत होते.

किल्लेदाराची मुलगी आणि गडावर पखालीने पाणी वाहणारा तरुण, अशा जुन्या दंतकथेवरचा तो सिनेमा. शेवटी दोघं विष घेतात आणि टाक्याकाठी शेजारी शेजारी मेलेली सापडतात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मेकअपमन होतो. हिरॉइन ओल्या दगडावर झोपायला तयार नव्हती, म्हणून लांबून दिसणाऱ्या शॉटसाठी डुप्लिकेट शोधली. खालच्या पाड्यावरची काशी उंचीला आणि केसांना जुळली. हीरो मुंबईला गेला होता. त्याचा शॉट वेगळा होणार होता.

मेलेल्याचा मेकअप म्हणजे रंग लावणं नव्हे, काढून घेणं. आधी ओठांची लाली मारायची. कानांच्या पाळ्या, नखं, पापण्या फिक्या करायच्या. डोळ्यांखाली किंचित निळसर करडा हात फिरवायचा. काशीचा चेहरा छान जमला होता. इतका, की टचअप करताना मला तिच्याकडे फार वेळ बघवेना.

मी जवळ गेलो. हात धरला. बर्फासारखा गार. नाकाशी बोट धरलं तर श्वास लागत होता, पण अगदी बारीक.

"काशी! काशीबाई!"

पापणीसुद्धा हलली नाही.

दोरीपलीकडे उभी असलेली तिची आई धावत आली. मुलीचा तो चेहरा तिने आता पहिल्यांदा बघितला. मला वाटलं, ही हंबरडा फोडणार. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, आधी हा रंग काढ. कोनी तिला त्या दुसरीच्या नावानं हाक मारू नका."

मी खोबरेल आणि कापूस घेतला. कपाळ पुसलं, गाल पुसले. आई तिचे तळपाय चोळत एकसारखी म्हणत होती, "काशे, ऊठ गो. घरला जायाचंय." स्पॉटदादाने घोंगडी आणून टाकली. ओठ पुसले तेव्हा खालून त्यांचा खरा रंग दिसला, आणि काशीने डोळे उघडले.

आईला तेव्हा रडू फुटलं.

काशीने आमच्याकडे बघितलं. मग तिने शेजारच्या रिकाम्या कातळाकडे मान वळवली.

"तो उठला का?"

"कोन गो?"

"माझ्या बाजूला निजला व्हता तो. मला म्हनाला, हलू नको, आपल्याला बघतील."

धुकं विरायला लागलं होतं. तेवढ्यात डायरेक्टर मागून म्हणाले, "मेकअपदादा, धुकं आहे तोवर एक सेफ्टी टेक घेऊ." सेफ्टी टेक म्हणजे पहिला शॉट बिघडला तर हाताशी असावा म्हणून घेतलेला दुसरा.

"मेकअप उतरवलाय, सर."

"मग परत लावा."

"मी नाही लावणार. दुसरा माणूस बोलवा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग कातळाकडे. "पॅकअप," एवढंच म्हणाले.

काशीला युनिटच्या जीपमधून मुरबाडला नेलं. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी गारठ्यात पडून राहिल्यामुळे बीपी उतरलं होतं. सलाईन लावलं, संध्याकाळी ती घरी गेली. तो एकच टेक सिनेमात आहे. कातळावर ती एकटीच दिसते. मी दोनदा नीट पाहिलंय.

तेव्हापासून मेलेल्याचा मेकअप करायचा असला की मी त्या माणसाला आधी खायला लावतो आणि शॉट संपेपर्यंत त्याच्या खऱ्या नावाने बोलत राहतो. युनिटमधले हसतात. हसू देत. निजवलं कोणाला आणि उठवायचं कोणाला, हे सेटवर निदान एकाला तरी ठाऊक असावं.