शेळीच्या आतड्याची आठवण

सेलूच्या बाजारातला हा व्यापारी शेळीचे दात बघत नाही. कुठल्याशा पशुवैद्यकीय शिबिराला जाऊन आल्यापासून तो शेळीच्या पोटावर हात ठेवतो आणि डोळे मिटतो. मी विकायला नेलेल्या शेळीपाशीही मिटले.

“आतड्यात आठवणीच्या पेशी बसाव्या लागतात, भाऊ. जंतू एकदा भेटला की त्या तिथंच ठाण मांडतात. ही राणीसावरगावची, हिला सेलूचं पाणी लय बाधणार.”

भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण पेशींपुढे काही चालेना. पडेल भावात शेळी त्याला दिली.

दुपारी तो तीच शेळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकत होता. “बिनघोर न्या पावणं, इथल्या पाण्याच्या पेशी बसल्यात हिच्या आतड्यात.”

मी भडकलो. “दुपारपर्यंत बसल्या व्हय?”

“सकाळीबी होत्याच की,” तो शांतपणे म्हणाला. “इकणारे तुमी, तुमीच बोलला न्हाईत.”