हंसाबाईची टोपी

आरजू पहिल्यांदा आमच्या समितीच्या बैठकीला आली तेव्हा आम्ही तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार, सगळं रीतसर. नारळ हातात धरून तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, मी काय केलं?"

प्रश्न रास्त होता. अठरा वर्षांच्या त्या पोरीनं काहीच केलं नव्हतं. मानेत गाठी झाल्या, त्या कॅन्सरच्या निघाल्या, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले किमोचे डोस घ्यायला ती दारव्ह्याहून यवतमाळला, आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात येत होती. पण आपल्याकडे माणसाला बोलायला बोलावलं की आधी त्याला शाल पांघरतात. शाल पांघरलेला माणूस सहसा तक्रार करत नाही. ही सोय फार जुनी आहे.

तिला बोलावलं होतं ते आमच्या तरुण डॉक्टर जयाच्या हट्टापायी. २००६ सालचा ऑक्टोबर होता. जयाचं म्हणणं असं, की लहानांच्या खोलीत भिंतीवर हत्ती रंगवलेत, मोठ्यांच्या खोलीत आजोबा खोकतात, आणि मधल्या वयाची पोरं जिथे जागा मिळेल तिथे सलाईन लावून बसतात. त्यांच्यासाठी काय करायचं ते आपण म्हातारे ठरवतो. त्यांच्यातलं कोणीतरी समितीत पाहिजे. मी तेव्हा कॉलेजातून निवृत्त होऊन समितीची चिटणीस झाले होते आणि अध्यक्ष होते रामधनशेठ, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे मालक. शेठ म्हणाले, "घ्या ना पोरीले! शोभा येईन." ठराव मंजूर झाला, चिवडा आला.

शेठ मनाचे मोठे, यात शंका नाही. आईवर त्यांचा विलक्षण जीव. दवाखान्यातले बाक, पंखे, थंड पाण्याची टाकी, सगळं त्यांनीच दिलेलं, आणि प्रत्येकावर लाल रंगात एकच मजकूर: 'कै. हंसाबाई यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही, म्हणून शेठ आले की शिपाई पंखे बंद करत असे. भर मे महिन्यातसुद्धा.

तर सत्कार झाला, टाळ्या झाल्या, आणि मी कामाला सुरुवात केली. पहिलाच विषय धम्मरत्नचा. वय एकोणीस, राहणार बोरी अरब. त्याचे दोन डोस चुकले होते. जया म्हणाली, "येत्या गुरुवारचाही चुकला तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल. आजार पुन्हा उठेल, आणि मग तो आपल्याला आवरेलच असं नाही."

सगळे चुकचुकले. शेठ म्हणाले, "कापूस वेचाचा हंगाम हाय. पोरगं वावरात असन."

आम्ही माना डोलावल्या. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, गावोगाव घोर लागलेला होता, हे खरंच. पण आम्हा यवतमाळच्या शहाण्यांना त्यामुळे एक आयतं उत्तर सापडलं होतं. एस.टी. उशिरा आली, कापूस. कोणाचं लग्न मोडलं, कापूस.

"त्याले विचारलं का कोनी?" आरजू म्हणाली.

"त्याच्यात विचाराचं काय? हंगामच हाय," शेठ म्हणाले.

"म्हंजे नाई विचारलं." तिनं शाल काढली, नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मॅडम, उद्या चालता का बोरीले?"

मी गेले. नाही म्हणायला तिनं वेळच दिला नाही.

आरजू म्हणजे नजीर मिस्त्रींची मुलगी. दारव्ह्यात मिस्त्रींचं गॅरेज. जीप, ट्रॅक्टर, फटफटी, काहीही आणा. त्यांची एक रीत होती: गाडी आली की पाना हातात घ्यायचा नाही. आधी मालकाला गाडी चालवायला लावायचं, आपण शेजारी बसायचं, एक चक्कर मारायची आणि विचारायचं, आवाज कुठून येतो? हे आरजूनं मला जीपमध्ये इतक्यांदा सांगितलं, की दारव्हा रोडवरचे खड्डे मला त्यापुढे सुसह्य वाटायला लागले. डोक्यावर गुलाबी ओढणी, तिला टिकल्या, त्याच रंगाच्या बांगड्या. मी पाहतेय हे पाहून म्हणाली, "केस गेले तं गेले मॅडम, मॅचिंग नाई गेलं." जीपचा ड्रायव्हर शाहिद आरशातून हसला, तर त्याला लगेच तंबी, "समोर पाहून चालव. क्लच जळून राह्यला तुया."

बोरीला धम्मरत्नचे वडील उकंडाभाऊ दारातच भेटले. मी बाजेवर बसून जाणत्या आवाजात कापसाची चौकशी केली. वेचणी कुठवर आली?

"आमच्याकडं वावरच नाई बाई," ते म्हणाले. "मी गवंडी मानूस. आमचा कापूस सारा गादीत."

समितीचं उत्तर असं दारातच निकालात निघालं. आत धम्मरत्न भिंतीला टेकून बसला होता. उंच, काटकुळा, घरातही डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आरजूनं त्याला बोलायची संधी न देता झापायला सुरुवात केली. वडिलांची रीत ती सांगत फार असे. पाळायची वेळ आली की थेट पाना हातात.

"सुईले भेतं का रे?"

"नाई."

"ओकारीले?"

"नाई."

"मंग पोरगी पाहाले गेलता का दोनी गुरुवारी?"

तो हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि दुपट्टा कपाळावर ओढला. आरजूनं ते टिपलं. "मॅडम, तुमी जरा बाहेर बसा. चहा घ्या."

उभ्या नोकरीत मी कितीतरी पोरांना वर्गाबाहेर घालवलं. मला कोणी घालवल्याचं हे पहिलंच उदाहरण. मुकाट्यानं बाहेर येऊन उकंडाभाऊंशेजारी बसले. तेवढ्यात सायकलवरून दोन पोट्टे गेले, आणि जाता जाता एकानं दाराकडे तोंड करून आरोळी दिली, "ओ हंसाबाई! जित्ती हाय का?"

उकंडाभाऊंनी मान खाली घातली. मी विचारलं, "हंसाबाई कोण?"

"आमचा धम्मरत्न," ते म्हणाले.

मग उलगडलं. किमोनं पोरांचे केस जातात, उन्हाचा त्रास होतो, म्हणून शेठनी टोप्या वाटल्या होत्या. पांढऱ्या, पुढे झापड असलेल्या. आणि किमो घेतलेल्याला जीपमध्ये मागे हिसके बसून ओकाऱ्या होतात, म्हणून जयानं जीपवाल्यांशी बोलून ठेवलं होतं: आपल्या दवाखान्याची टोपी दिसली की पुढची सीट द्यायची. दोन्ही गोष्टी चांगल्याच. फक्त टोपीच्या कपाळावर लाल अक्षरांत मजकूर होता. तो कोणता, हे सांगायला नको.

म्हणजे दर खेपेला हा तरणाताठा पोरगा बोरीच्या स्टँडवर, भर चौकात, 'कै. हंसाबाई यांच्या स्मरणार्थ' असं कपाळावर घेऊन उभा. गावातल्या पोट्ट्यांना आणखी काय पाहिजे? धम्मरत्न हे नाव बुडालं. ज्या शेंबड्यांना त्यानं गोट्या खेळायला शिकवलं, तेसुद्धा हंसाबाई म्हणायला लागले.

"आमच्या बौद्धांत कैलासवासी नाई म्हनत, कालकथित म्हनतात," उकंडाभाऊ सावकाश म्हणाले. "पन ते जाऊ द्या. पोरगं तं जित्तं हाय ना बाई?"

मला आलेलं हसू तिथेच अडकलं.

आरजू बाहेर आली ती टोपी हातात घेऊन. चेहरा उतरलेला. "मीच येडी. त्याच्याच बाजूले बसून जात होती, आन वाचलं नाई कधी." तिला स्वतःला टोपीची गरज पडली नव्हती. डोक्यावर ओढणी होती, आणि नजीर मिस्त्रींच्या पोरीला पुढची सीट न देण्याची छाती त्या रस्त्यावर कोणाची नव्हती. "तो काय म्हनते माईत हाय? म्हनते, रोगानं मरन तं मरन, पन म्हातारी होऊन नाई मरनार."

"गुरुवारी येतो का?"

"नाई म्हनते."

बुधवारी सकाळी मी तातडीची बैठक बोलावली. शेठचं मन न दुखवता विषय कसा काढावा, याची मी घरून चार सभ्य वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं पहिलं अर्ध्यात होतं तोच आरजूनं टोपी टेबलावर ठेवली.

"शेठ, घाला."

"मी?"

"घाला, आन बाजारातून एक चक्कर मारून या. अब्बा बी गाडी देन्याआधी स्वतः चक्कर मारून पाह्यते."

शेठनी हसत टोपी उचलली. डोक्यापर्यंत नेली. अक्षरं डोळ्यांसमोर आली तसा हात थांबला. "माह्या डोक्यावर कैलासवासी? काहीतरीच काय बाई! घरी सून हाय, नातू हाय, असा अपशकुन कोनी..."

पंखे अर्थातच बंद होते. शेठनी टोपी खाली ठेवली, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "माय असती तं जोड्यानं हानलं असतं मले."

मग अगदी बारीक आवाजात, "पन मंग मायचं नाव कुठी राहीन?"

इथे मला वाटलं आता ही पोरगी आणखी काही फटकळ बोलणार. ती मुळात गप्प बसणारी नव्हे. पण ती विचारात पडली. "चहाच्या किटलीवर टाका ना शेठ. सलाईन लावली का तोंड कडू होते, सारे चहाची वाट पाहात बसतात. आन नुसतं हंसाबाई लिवा. त्याच्यामांगं पुढं काई नको."

शेठनी मान डोलावली. डोळे पुसले. "आन पंखे?"

"पंखे फिरवा."

मी ठराव लिहिला. टोप्या परत घ्याव्यात. ज्याला जे डोक्यावर घ्यायचं ते त्यानं घ्यावं. टोपी नसली तरी पुढची सीट मिळावी, हे जयानं जीपवाल्यांना कळवावं. अक्षर चांगलं आलं होतं. मी समाधानानं टोपण लावलं, तर आरजू माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत होती.

"मॅडम, तुमचा ठराव बोरीच्या स्टँडवर कोन वाचते? टोपी गेली, नाव नाई गेलं. पोट्टे उद्या बी हंसाबाईच म्हनतीन."

खरंच होतं. चिडवायचं नाव ठराव करून जात नाही. मी विचारलं, "मग?"

"हे टोपी मले द्या," म्हणाली आणि निघून गेली. माझ्याकडची शाल तेवढी न्यायला विसरली. ती अजून माझ्याच कपाटात आहे.

गुरुवारी सकाळी मी दवाखान्यात बसायच्या ऐवजी जीप थांबतात तिथे, नाक्यावर जाऊन उभी राहिले. वाट पाहणं मला जमत नाही. दोन ऑटोवाल्यांना मी विनाकारण रागावले. शेवटी शाहिदची जीप आली. पुढे खिडकीशी गुलाबी ओढणी. तिच्या शेजारची जागा रिकामी.

संपलं, म्हटलं.

तेवढ्यात दार उघडून शाहिद उतरला. सहा फुटी गडी, भरघोस मिशा, आणि डोक्यावर पांढरी टोपी: 'कै. हंसाबाई यांच्या स्मरणार्थ'. नाक्यावर एकच हशा पिकला. "काय हंसाबाई, आज लवकर!" "हंसाबाई, आर्नीची सवारी घेता का?"

"हसा लेकहो, हसा," शाहिद म्हणाला. मग माझ्याकडे वळून, रडकुंडीला येऊन, "मॅडम, हे पोट्टी म्हनते, आठवडाभर टोपी घाल, नाईतं जीप अब्बाकडं आनू नको. नजीरचाच्याबिगर माही जीप कोनाले समजते? दारव्ह्यापासून ऐकून राह्यलो. बोरीच्या स्टँडवर तं पोट्टे जीपमांगं पळत आले."

"आन याले कोनी काई म्हनलं का?" आरजूनं खिडकीतून विचारलं.

"याच्याकडं पाह्यलं बी नाई कोनी! याच्या दारात मले टोपी घालून उभं केलं, तवा हसत निंगाला हा."

याच्याकडे म्हणजे कोणाकडे, ते मला तेव्हा दिसलं. मागच्या बाजूनं, पोती आणि बायाबापड्यांमधून वाट काढत धम्मरत्न उतरत होता. डोक्याला दुपट्टा नाही, टोपी नाही. उन्हात टक्कल लखलखत होतं, तोंड हिसक्यांनी पांढरंफटक पडलेलं.

"पुढची जागा रिकामी होती ना रे? मागे कशाला बसलास?" मी ओरडलेच.

"पुढं हे बसली होती मॅडम," तो आरजूकडे बोट दाखवून म्हणाला. "रस्ताभर बोलते."

दवाखान्यात जयानं एक शब्दही न विचारता त्याला सलाईन लावली. आरजू शेजारच्या खुर्चीत. दोघांच्या डोक्यावर पंखा फिरत होता, नाव काही वाचता येत नव्हतं. थोड्या वेळानं शिपाई नवी किटली घेऊन आला. शेठनी रातोरात नाव टाकून घेतलं होतं. "हंसाबाई आली, हंसाबाई!" शिपायानं हाळी दिली. मी धसकून धम्मरत्नकडे पाहिलं. त्यानं पेला पुढे केला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"हंसाबाईले म्हना, साखर कमी हाय."

"घ्या मॅडम," आरजू म्हणाली, "पुढच्या बैठकीचा पयला विषय."