सालईच्या पाल्याची साक्ष

आमच्या साडूंइतका खरे बोलणारा मनुष्य उभ्या खानदेशात सापडणार नाही, आणि एकाच परीक्षेत त्यांच्याइतक्या वेळा नापास झालेलाही सापडणार नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचे गाव. वनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेले, आणि धुळ्याजवळच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत असलेले. तासिका तत्त्वावर शिकवणे म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा बोलावणे येते की नाही, याची वाट पाहत बसणे. ही वाट पाहणे संपावे असे वाटत असेल, तर वनशास्त्राच्या अध्यापन-संशोधनासाठी घेतली जाणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. साडूंनी चाळिशी ओलांडली आहे, दोन मुली शाळेत आहेत, आणि महाविद्यालयात कायमची एक जागा निघणार असल्याचे दोन वर्षांपासून कानावर येत आहे. पात्रता मिळाली तर ती जागा बहुधा त्यांचीच.

या गृहस्थांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी शिंप्याकडची टेप असते. वाटेत जुने झाड दिसले की छातीच्या उंचीवर त्याचा घेर मोजल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. जळगावात एका लग्नाला गेलो असता मंगल कार्यालयाच्या आवारातील चिंचेला त्यांनी टेप लावली. वरपित्याने त्यांना मंडपवाल्याचा माणूस समजून खुर्च्या कमी पडल्याबद्दल चांगलेच फैलावर घेतले. साडूंनी निमूटपणे वीस खुर्च्या वाहून आणल्या, हात पुसले आणि उरलेला घेर मोजला. लाकडाच्या बाबतीत तर त्यांना भीड म्हणून नाही. असोद्याला त्यांचा साखरपुडा होता. आमचे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, नवीन दिवाणावर हात फिरवून पाहुण्यांना सांगत होते की, दिवाण अस्सल सागवानी आहे. साडूंनी बोटाच्या पेराने तो दोनदा वाजवला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आबा, बाभूळ शे. पण बाभूळ चांगली जुनी शे." "आता हा पावना मले लाकूड शिकवीन!" असे म्हणून आबा ताडकन उठले, ते माझ्या पत्नीने आतून चहा आणला तेव्हा कुठे खाली बसले. लग्न मोडायचे ते नवऱ्या मुलीमुळे वाचले. ती दारातून म्हणाली, "आबा, मला काय दिवाणाशी लग्न करायचंय?"

अशा मनुष्याला परीक्षेसाठी तयार करण्याची जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली. मी जळगावला माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि गुण यांत माझे आयुष्य गेले, आणि परीक्षा कशी द्यावी हे मला कळते, असा माझा समज होता. दर रविवारी पहिल्या एसटीने साडू धुळ्याहून येत. मी पुस्तकातले प्रश्न वाचून दाखवी, ते उत्तरे देत. झाडांची शास्त्रीय नावे त्यांना मुखोद्गत होती. शिवाय ती लक्षात राहावीत म्हणून त्यांनी साऱ्या नातेवाइकांना एकेक झाड वाटून दिले होते. आबा बाभूळ झाले, हे सांगायला नको. माझ्या वाट्याला अंजन आला. "का हो?" मी विचारले. "लाकूड फार कठीण, साडूभाऊ. करवतीचे दात जातात," ते म्हणाले. मी त्या वेळी हे कौतुक समजलो.

अडचण एकच होती. या परीक्षेत चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. मी त्यांना व्यवहार शिकवू पाहिला. "दोन पर्याय गाळा आणि उरलेल्या दोनांतला परीक्षकाला हवा असेल तो ठोकून द्या." यावर ते व्यथित होऊन म्हणाले, "आणि चुकलं, तर त्या झाडापुढं उभं कसं राहायचं?" अंदाजाने उत्तर देणे त्यांच्या लेखी खोटे बोलणेच होते. ठाऊक नसलेले ते सोडून देत, आणि ठाऊक असलेले पुस्तकाशी जुळत नसेल, तरीही सोडून देत.

गेल्या वर्षी परीक्षा देऊन आले तेच अस्वस्थ. चारा म्हणून ज्याचा पाला उपयोगी पडत नाही, असे झाड चारांतून ओळखायचे होते. उत्तर सालई, हे मीसुद्धा त्यांच्या पुस्तकातून शिकलो होतो.

"सोडला," ते म्हणाले.

"सोडला? अहो, हा तर फुकटचा प्रश्न!"

"साडूभाऊ, हाई प्रश्नच खोटा शे. मनी मायनी बकरी सालईना पाला खास. पहिली पालवी फुटते ना, ते आठ-दहा दिवस मायची बकरी तो खाते. लहानपणापासून मी पाहतो आहे."

चार दिवसांनी उत्तरसूची आली. तिच्यात सालईच होती. उत्तर मान्य नसेल त्याने मुदतीत, पुराव्यासह, संगणकावरून हरकत नोंदवावी, अशी सोय होती. साडूंनी तत्काळ हरकत घ्यायचे ठरवले आणि साक्षीदार म्हणून मला गावी नेले. सालईला त्या आठवड्यात नुकतीच पालवी फुटली होती. त्यांच्या आई, वय सत्तरीच्या पुढे, तीन बकऱ्या घेऊन टेकडीवर आमच्या आधी हजर होत्या. "कोन म्हनस नही खास? त्यासना गावमा बकऱ्या नहीत का?" त्यांनी मला विचारले. मी त्या न पाहिलेल्या तज्ज्ञांच्या वतीने ओशाळलो. साडूंनी मोबाइल रोखला. पहिल्या बकरीने पाला हुंगला आणि ती शिंकली. दुसरीने माझ्या पिशवीचा बंद खाल्ला. "खाय वं बाई! आज फोटो काढाना शे, तं नखरा करस!" म्हणून आईंनी तिसरीला पुढे लोटले. ती क्षणभर थांबली आणि मग तिने असा काही पाला ओरबाडला, की साडूंचे डोळे भरून आले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे तीन फोटो आणि एक कागद पाठवला. त्यावर त्यांच्या हस्ताक्षरात आईंचे निवेदन होते: माझ्या बकऱ्या पालवीच्या दिवसांत सालई खातात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. खाली आईंचा अंगठा होता. त्यांचा अर्ज मीच भरला होता, म्हणून हरकतही मीच नोंदवायची होती. दुपारी मी संगणकापुढे बसलो. सूचनेत लिहिले होते की, पुरावा म्हणून मान्य ग्रंथाचे पान जोडावे. संपर्कासाठी पत्ता माझा होता. माझ्या पत्त्यावरून एक बकरी आणि एक अंगठा विद्वानांपुढे जाणार, ते हसणार, या विचाराने मला लाज वाटली. ती कोणाची वाटली, हे मी त्या वेळी स्वतःला विचारले नाही. मी संगणक बंद केला. संध्याकाळी साडूंचा फोन आला, "केली का, साडूभाऊ?"

"केली," मी म्हणालो.

निकालात साडू थोडक्यात हुकले. किती थोडक्यात, तर त्या एका प्रश्नाचे गुण मिळते तर तरले असते. हरकत गेली असती तर मानली गेली असती का? बहुधा नाही. वर्षभर मी या 'बहुधा'वर टेकून उभा राहिलो. साडूंनी मात्र तक्रार केली नाही. उलट मलाच म्हणाले, "तुम्ही तुमचं काम केलं. मोठी माणसं आहेत, त्यांनी पाहूनच ठरवलं असेल." आणि रविवारी ते पुन्हा येऊ लागले. फरक इतकाच, की आता उत्तर देण्यापूर्वी ते विचारीत, "पुस्तकात काय आहे?" मी सांगे, ते मान डोलावीत. माझा शिष्य अखेर तयार होत होता, आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हते. गेल्या रविवारी चाऱ्याचा धडा निघाला तेव्हा ते सहज बोलून गेले, "माय काय, म्हातारी झाली. ती सांगते त्यात खरं किती, कोण जाणे."

मी पुस्तक मिटले आणि सारे सांगितले. बंद केलेला संगणक, लाज, 'केली' हा शब्द, सारे. त्यांनी एवढेच विचारले:

"म्हणजे त्यांनी फोटो पाहिलेच नाहीत?"

"नाही."

"मंग माय खोटी ठरनी नही," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे वर्षभराचे काहीतरी उतरले. मी रागाची वाट पाहत होतो, पण त्यांनी खिशातून मोबाइल काढून गावी फोन लावला. पलीकडे आईंना ऐकू कमी येते, म्हणून आवाज मोठा होता.

"माय, बकऱ्यास्ना फोटो त्यासनी देखाच नहीत व!"

"का बरं?"

साडूंनी माझ्याकडे पाहिले. ज्यांनी स्वतःच्या साखरपुड्यात सासऱ्याची भीड ठेवली नाही, ते गृहस्थ माझ्याच घरात, माझ्यासमोर, शब्द शोधीत थांबले.

"धाडानं राही गयं, माय," ते म्हणाले. कोणाकडून पाठवायचे राहिले, ते त्यांनी सांगितले नाही.

"मंग यंदा दखाडा," पलीकडून उत्तर आले.

मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. जाताना त्यांनी नेहमीसारखा हात हलवला. पुढच्या रविवारचे ते काही बोलले नाहीत, आणि ते विचारण्याचा अधिकार माझ्याकडे उरला आहे, असे मला वाटले नाही.