कबड्डीपटू नव्हता तो

रिकामं ताट हातात आलं की तो ते एका बोटावर फिरवायचा. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मी तेव्हा खानावळ चालवत होते. गिरणीतली माणसं जेवायची, हात धुऊन निघून जायची. हा ताट फिरवत बसायचा. मी म्हणायचे, "ठेव खाली. पोचा पडला तर उद्या त्याच ताटात वाढीन."

"बॉलची सवय आहे, वहिनी."

बास्केटबॉल खेळायचा. चांगलाच खेळत असणार, कारण खेळावरच त्याला कंपनीत नोकरी लागली आणि देशाच्या संघातून तो परदेशी जाऊन आला. निघताना बायकांनी ओवाळलंही. पण आमची चाळ कबड्डीची. इथं खेळाडू म्हटला की तो कबड्डीचाच. मैदानावरचे जाणकार त्याच्याकडे बघून हळहळायचे, "पाय फार लांब. सहज पकडला जाणार."

तो प्रत्येकाला समजावायचा, "हातानं खेळतात. वर जाळी असते." लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काय रे, चढाई कशी झाली?"

निवृत्त झाला, गुडघे गेले, पाठोपाठ बायको गेली. मग दुपारी माझ्या दारापुढे गॅलरीत खुर्ची टाकून जुने सामने सांगायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका सामन्यात अगदी शेवटी त्यानं बॉल जाळीत टाकला होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जाळीजवळून टाकला होता, पुढं मैदानाच्या मध्यावरून. मी म्हटलं, "आणखी मागं सरकलास तर रस्त्यावर जाशील."

तो हसला नाही. म्हणाला, "इथल्या कोणी तो सामना पाहिलाच नाही, वहिनी. जवळून टाकला काय आणि लांबून काय."

मग गणपतीत मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. आपल्या चाळीत एकदा तरी आपल्या खेळाचं नाव निघेल म्हणून हा हरखला. बॉल घेतलेला जुना फोटो चिटणिसाला दिला, सदरा इस्त्री करून आणला. फ्लेक्स लागला तेव्हा बॉल कापलेला होता. नुसता चेहरा, आणि खाली ‘ज्येष्ठ कबड्डीपटू’.

चिटणीस म्हणाला, "काका, छापून झालं ना. आणि खरं सांगू, कबड्डी लिहिलं की लोक येतात."

तो माझ्याकडे आला. "मी जात नाही."

"नको जाऊस. मग तो फ्लेक्सच खरा. नाहीतर जा आणि माइकवर सांग."

गेला. शाल घेतली, नारळ घेतला, माइक धरला. "मी आयुष्यात कधी कबड्डी खेळलो नाही."

मंडप खळखळून हसला. मोठ्या माणसाचा विनय म्हणून शिट्ट्या पडल्या. "मी बास्केटबॉल खेळलो," असं तो म्हणाला तेव्हा टाळ्या चालूच होत्या, आणि तेवढ्यात आरतीची घंटा वाजली.

वर येऊन त्यानं एवढंच विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग बरं."

गेल्या साली तो गेला. सकाळी फाटकावर फ्लेक्स. तोच चेहरा, तोच कबड्डीपटू, वर फक्त ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाढलेलं. मी खाली उतरले आणि चिटणिसाला म्हटलं, "उतरव तो."

"आजी, आता त्यांना काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. मला रोज इथून जायचंय."

उतरवला. दुसरा छापायला वेळ नव्हता. आमच्याकडे बारशालाही फ्लेक्स लागतो, हा बिनफ्लेक्सचाच निघाला.

चादरीतून खाली आणताना जिन्याच्या वळणावर सगळे अडले. पाय कठड्याबाहेर जात होते. कोणाबरोबर तरी आलेल्या एका अनोळखी माणसानं विचारलं, "केवढे उंच हो! काय करायचे हे?"

चिटणिसानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बास्केटबॉल खेळायचे."