कंट्रोलरकाकांच्या चार वह्या

पोर्तुगीज भाषेचे मराठवाड्यातले सर्वात कष्टाळू अभ्यासक आमच्या समोरच्या दारात राहतात, आणि त्यांना ती भाषा येत नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे, कारण त्यांच्या अभ्यासाचा निम्मा भार मी वाहिला आहे. कंट्रोलरकाकांची सगळी नोकरी कन्नडच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त होऊन संभाजीनगरला आले, पण आवाज निवृत्त झाला नाही. दुसऱ्या मजल्यावरून ते भाजीवाल्याला "मेथी एक जुडी" असं काही पुकारतात, की आम्ही दोघी-तिघी उगाच पिशव्या उचलून निघतो.

त्यांची एकुलती एक लेक पोर्तुगालला नोकरीला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न करून सासूजवळ राहू लागली. या थंडीत तिघंही इकडे येणार असं ठरलं आणि काकांनी शंभर पानी चार वह्या आणल्या. लेक ठेवून गेलेला इंग्रजी-पोर्तुगीज शब्दकोश घरात होताच. वहीत तीन रकाने आखले: मराठी, इंग्रजी आणि देवनागरीत लिहिलेलं पोर्तुगीज. "मराठीहून थेट गाडी नाय, ताई. इंग्रजीला उतरायचं, तिथून दुसरी धरायची." मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे मधलं स्टँड माझ्या दारात आलं. सकाळी सात वाजता "जय भीम ताई, झाऱ्याला काय म्हणत्यात?" असं विचारलेलं मी सहन केलं. 'विहीण'ला इंग्रजी शब्द विचारला तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. काका माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "मग त्यांच्यात लेकी देत्यात तरी कुणाच्या घरी?" 'जय भीम' त्यांनी कोशात शोधलंच नाही. "ती पाटी बदलत नसती," म्हणाले. पुढं घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटली, आणि चिठ्ठ्या उरल्या म्हणून माझ्याही दारावर 'पोर्ता', म्हणजे दार, लागलं. ते माझं आडनाव समजून कुरिअरवाला मला अजून पोर्ता मॅडम म्हणतो.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, मोबाईल सगळं भाषांतर करून देतो हो." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "लेक नांदती कशी, हे यंत्राकरवी पुसू व्हय? अन् ते यंत्र बी तिनंच दिलेलं." काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. लेकीचं बरंवाईट विहिणीच्या शेजारी बसून हळूच काढून घेणं हे आईचं काम. ते आता यांच्यावर आलं होतं. लेकीला विचारावं तर ती फोनवर एकच सांगायची, "सगळं छान आहे, बाबा." तेवढ्यावर त्यांचा जीव भरत नव्हता. त्या दिवसापासून मी कुरकुर थांबवली.

पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी लेक-जावई वेरूळला गेले आणि विहीणबाई गुडघ्यामुळे घरी थांबल्या. काकांनी लगेच मला बोलावलं. "बाईमाणूस हाय, तुम्ही बसा संगं." मग इस्त्रीचा सदरा घालून ते समोर बसले आणि फलाटावर गाडी लागल्याच्या आवाजात म्हणाले, "मिन्या फिल्या... फेलिश?" माझी मुलगी, सुखी? विहीणबाई दचकल्या, मग त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या सलग पाच मिनिटं बोलल्या. काकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. चार महिने त्यांनी फक्त विचारायची तयारी केली होती. उत्तर येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं!

वही पुढं केली, तर बाईंना ना देवनागरी येत होती, ना इंग्रजी. मी मोबाईल काढला तो काकांनी हातानं खाली केला, आणि पहिल्या पानापासून एकेक पोर्तुगीज शब्द पुकारायला सुरुवात केली. खिडकी, टेबल, चमचा, गाय... बाई मान हलवत राहिल्या. 'फिल्या' आलं तशी त्यांनी टेबलावर होकाराची थाप मारली. "सीं!" काकांनी शब्दाखाली रेघ ओढली. चारही वह्या संपल्या की बाई बोट गोल फिरवायच्या, पुन्हा पहिल्यापासून. माझा चहा दोनदा झाला. दुसरी थाप 'रडणे'वर पडली तेव्हा काकांचा हात थांबला. तिसरी 'आधी'वर. मग 'आता'. मग 'स्वयंपाकघर'. आणि ऊन कलल्यावर, चौथ्या वहीत, 'गाणे'.

काका रेघा मारलेले शब्द बघत बसले. "आधी रडली म्हंजे. मला नाय सांगितलं." मग शेवटच्या रेघेवर बोट ठेवून, "आता गाती म्हणं." सगळं छान आहे म्हणणाऱ्या लेकीपेक्षा या बाईवर त्यांचा विश्वास बसला, कारण तिनं रडणं लपवलं नव्हतं. त्यांनी बाईंना हात जोडले. त्यासाठी वही उघडली नाही.

संध्याकाळी लेक परतली आणि पाय धुऊन थेट चहा टाकायला आत गेली. बाहेर टीव्ही चालू होता. विहीणबाईंनी काकांच्या दंडाला हात लावला आणि कानाकडे बोट नेलं. काकांनी उठून टीव्ही बंद केला. आतून गुणगुणणं ऐकू आलं, अगदी बारीक, भांड्यांच्या आवाजात मिसळलेलं. तीन दिवस ते चालू असणार, आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकू असत्या तर पहिल्याच दिवशी, चहा उकळायच्या आत, त्यांना कळलं असतं.