बघून इलंस?

बाबा गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना मधेच उठते, गॅस बंद केलाय का बघते, परत येते तोवर भात गार. आई म्हणते, बापाचा भुंगा आता हिच्या डोक्यात शिरला. शिरू दे.

आमची शेती पार्से गावच्या खाजणात, म्हणजे खाडीला लागून, बांध घालून राखलेल्या खारजमिनीत. बांधात मानस आहे, म्हणजे पाणी राखणारं लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पण एखादी झावळी अडकली की मिटत नाही आणि खारं पाणी शेतात घुसतं. गावानं हे दार बाबांवर सोपवलं होतं आणि त्यांनी ते असं अंगाला लावून घेतलं की घरातलं घड्याळ भिंतीवर नुसतं शोभेला. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसायच्या आत हा माणूस सोवळ्यातच बांधावर. सासरच्यांना मी काय सांगणार? त्या रागानं वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

माया कमी होती असं म्हणायची मात्र सोय नाही. मी कॉलेजात असताना म्हापशाहून येणारी माझी बस चुकली की ते तिठ्यावर उभे, पायांचा चिखल तसाच. पुढे नवरा जहाजावर, म्हणून मी मुलीला घेऊन माहेरीच राहिले, आणि मग आजोबांचं काही विचारू नका. सकाळी मानशीवरून परतताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे, म्हणजे गोल पाव, सदऱ्यात गुंडाळून आणायचे, पहिला नातीचा. पाणी कुठवर चढलं की दार मिटतं, हे तिला बांधावर नेऊन शिकवायचे. मी पाढे घ्यायला बसवावं, तर ही दोघं खेकडे बघत बसलेली.

कुणाचं नुसतं 'हो' त्यांना पुरत नसे. गोठ्याची कडी लावली म्हटलं की लगेच, "बघून इलंस?" म्हणजे स्वतः जाऊन बघून आलीस का? मला त्याचा भारी वैताग यायचा.

गेल्या आश्विनात बाबांना तपासून डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. भात पोटरीला आलं होतं, पाऊस सरला होता, खाडी पुन्हा खारट होत होती. त्या दुपारी भरतीची वेळ झाली आणि बाबांचे हात चादरीवर चाळवू लागले, नजर सारखी दाराकडे. मुलगी म्हणाली, मी जाऊन बघून येते. मी तिला अडवलं. बांध निसरडा होता, आणि खरं म्हणजे त्या घटकेला मला कुणीच घराबाहेर जायला नको होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आले.

"बघून इलंस?" बाबांनी विचारलं.

"बघून इलंय, बाबा. दार घट बसलां."

त्यांनी डोळे मिटले, हात थांबले. एवढं स्वस्थ झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते गेले.

तिसऱ्या दिवशी कळलं, दारात झावळी अडकली होती. आमच्यासकट चार घरांचं भात पिवळं पडलं. शेजारी म्हणाले, तो असता तर असं झालं नसतं. मी मान हलवली. वर, त्यांची लेक म्हणून गावानं दार आता माझ्यावर सोपवलं आहे. खरं सांगायला हवं, कळतं, पण तोंड उघडत नाही. शेवटची झोप त्यांना माझ्या खोट्यानं लागली. ते बरं केलं की वाईट, हे मी दिवसातून दहा वेळा ठरवते आणि मोडते.

त्या दुपारी मुलगी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं कधी विषय काढला नाही. काल भरतीच्या वेळी भाजी चिरता चिरता मी तिला म्हटलं, दार लागलंय, तू अभ्यास कर.

तिनं वही मिटली आणि माझ्याकडे बघत विचारलं, "बघून इलंस?"

मी विळी बाजूला ठेवली आणि बांधाकडे निघाले. ती माझ्या मागून आली, मी खरंच जाते का ते बघायला.