दोन बोटं लहान इंजिन

कल्याणच्या शेडमधलं कोळशाचं जुनं इंजिन भंगारवाल्यांनी गॅसने कापलं, त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आपण नवीन बनवू. तसंच, जुन्या घडणीचं. ती मांदेली साफ करत होती. मान वर न करता बोलली, "बनवा. पन आधी मोरीचा नल बनवा."

नळ मी बनवला नाही हे खरं आहे. तो प्लंबरचा धंदा. मी फायरमन होतो, सारी नोकरी भट्टीच्या तोंडात कोळसा घालण्यात गेली. चौथी शिकलेल्या माणसाला यापेक्षा मोठं काम कोण देणार, असं कोणाला वाटत असेल तर त्याने चढावावर भरलेली मालगाडी घेऊन वाफ धरून दाखवावी. मग बोलू.

रिटायर झालो तेव्हा हे स्वप्न डोक्यात होतं आणि ते ठेवायला घराला लागून खाडीकडची जागा होती. जागा बापाची. आम्ही खाडीवरचे कोळी, बाप होड्या बांधायचा. तो गेल्यावर जागा रिकामी पडलेली, शेजारचे जाळी सुकवायचे. आजूबाजूला बिल्डिंगी उठायला लागलेल्या. माझा मुलगा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक, त्याच्या मागे एक बिल्डर लागलेला.

"बाबा, जागा नुसती पडून आहे."

"पडून नाही. इंजिनासाठी राखलेली आहे."

"इंजिन कोण बनवणार?"

"मी."

"आणि ते जाणार कुठे?"

हा प्रश्न मला लोक नेहमी विचारायचे. बिल्डिंग कुठे जाते ते कोणी विचारत नाही.

अशात डोंबिवलीची मंडळी माझ्या दारात आली. सगळे शिकलेले, बहुतेक रिटायर. बँकेतला मोठा साहेब होता तो अध्यक्ष. शाळेत गणित शिकवायचे ते मास्तर सेक्रेटरी. बाकीचे सभासद. त्यांनी जुन्या इंजिनांवर प्रेम करणारं मंडळ काढलेलं आणि नुसतं प्रेम करून कंटाळा आला म्हणून आता एक शंटिंगचं छोटं इंजिन जुन्या आराखड्याबरहुकूम नवीन बांधायचं ठरवलेलं. आराखड्याची निळी प्रत त्यांनी कुठून तरी मिळवली होती आणि काच लावून फ्रेम केली होती. जागा आणि वाफेवर काम केलेला माणूस, दोन्ही हवं होतं. मी बोललो, दोन्ही एकाच घरात आहे, या आत.

त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? माझा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. इंजिनाचा एक खिळा झाला नव्हता, पण सत्कार झाला. बायको शाल घडी करत बोलली, "इंजिन झाल्यावर यांना काय देनार, घोडा?"

मग दर रविवारी जागेवर ताडपत्री बांधून सभा व्हायला लागल्या. मी बाकड्यावर, ते फोल्डिंगच्या खुर्च्यांवर. पहिल्या काही सभा मंडळाच्या नावात गेल्या. 'वाफ' ठेवायचं की 'बाष्प', यावर दोघे भांडून गेले आणि पुढच्या रविवारी कोथिंबीरवडी घेऊन परत आले. मग रंग. एक गट काळ्याचा, एक हिरव्याचा. मी बोललो, रंग कशाला देणार, हवेला? अध्यक्ष समजावणीच्या सुरात बोलले, "असं पाहा, एकदा रंग निश्चित झाला की बाकीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं." चित्र उभं राहिलं खरं. मंडळाने हिरव्या इंजिनाचं लेटरहेड छापलं. त्याला धूर पण होता.

वर्ष-दीड वर्ष गेलं. लेटरहेड संपलं, दुसरं छापलं. इकडे बिल्डरचा माणूस मुलाकडे फेऱ्या मारत होता आणि मुलगा माझ्याकडे.

त्या साली नारळी पौर्णिमेला आम्ही घरची माणसं खाडीवर नारळ सोडायला गेलेलो. नारळ मुलाच्या हातात होता. तो सोडायच्या आधी माझ्याकडे वळून बोलला, "बाबा, आता इथेच सांगतो. दसऱ्याला तुमच्या इंजिनाचं एक चाक जागेवर उभं दाखवा. दिसलं तर मी बिल्डरचं नाव तोंडातून काढणार नाही. नाही दिसलं तर सही करायची, मग बोलायचं नाही."

"कबूल," मी बोललो.

त्याने नारळ सोडला. खाडीसमोर नारळ हातात घेऊन बोललेला शब्द आमच्यात कोणी फिरवत नाही. ज्याने फिरवला त्याच्या होडीवर कोणी पाय ठेवत नाही. आमच्याकडे आता होडी नव्हती, पण म्हणून काय झालं.

रविवारी मी सभेला सांगितलं, चाक पाहिजे, दसऱ्याला पाहिजे. नाहीतर ही ताडपत्री सोडा आणि डोंबिवलीत कुठे गच्ची मिळते बघा. पहिल्यांदाच मंडळ घाबरलं आणि घाबरलं म्हणून कामाला लागलं. एका सभासदाच्या ओळखीचा ओतकामाचा कारखाना डोंबिवली एमआयडीसीत होता. कारखानदार जुन्या इंजिनांचा शौकीन. तो बोलला, एक चाक मी मंडळाला भेट देतो, फक्त लाकडी पॅटर्न तुम्ही आणून द्या. पॅटर्न म्हणजे चाकाची लाकडी नक्कल. ती ओल्या वाळूत दाबतात, काढून घेतात, आणि जो खड्डा राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओततात.

लाकूडकाम म्हटल्यावर माझ्याशिवाय कोण? बापाचं वाकस, पटाश्या, रंधा माळ्यावर होते. सागवान आणलं आणि बसलो. आऱ्या, मधला तुंबा, बाहेरचा घेर. उरलेला श्रावण आणि निम्मा भाद्रपद त्यातच गेला. बायकोने या काळात मला मोरीच्या नळाबद्दल एकदाही विचारलं नाही, यावरून काम किती चांगलं चाललेलं ते समजा.

आता माप. बापाने शिकवलेलं एक मी विसरलेलो नाही. होडीचं लाकूड जरा कमीच कापायचं. ते पाणी पितं, फुगतं आणि फट आपली आपण भरते. बरोब्बर कापलं तर फुगल्यावर फळ्या एकमेकींना रेटतात आणि होडी वाकते. हा पॅटर्न ओल्या वाळूत जाणार होता. म्हणजे फुगणार. म्हणून मी त्याला आराखड्यापेक्षा बोटभर लहान ठेवला.

मास्तर टेप घेऊन तपासायला आले. मोजलं, चष्मा पुसला, परत मोजलं. "हे कमी भरतंय."

मी त्यांना लाकडाचं फुगणं समजावलं. बापाच्या होड्यांची नावं सांगितली, कुठली होडी कोणाच्या घरी किती पावसाळे चालली ते सांगितलं. मास्तर इतके भारावले की टेप खिशात घालायची विसरून घरी गेले. पुढच्या सभेत ते उभे राहून बोलले, "आपण पुस्तकात शोधतो ते ज्ञान या खाडीच्या काठी हातांमध्ये आहे." सभेने टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात 'पारंपरिक ज्ञान' असं आलं. मला वाटलेलं, यावर पण सत्कार होतो, पण दुसरी शाल आणलेली नव्हती.

पॅटर्न कारखान्यात गेला. दसऱ्याला चार दिवस राहिले असताना चाक टेम्पोतून आलं. चेनपुलीने उतरवून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर उभं केलं. काळंभोर, जड, माझ्या छातीला लागेल एवढं. मी हात फिरवला. बायको दारातून आली, तिने पण हात लावला आणि पदराला हात पुसून बोलली, "खरंच केलंनी." एवढ्या वर्षांत हे तिचं माझ्याबद्दल सगळ्यात चांगलं बोलणं.

तेवढ्यात मुलगा ड्युटीवरून आला. मेकॅनिकची जात. त्याने आधी चाकाकडे बघितलं नाही, ताडपत्रीखाली टांगलेल्या काचेच्या आराखड्याकडे बघितलं. मग टेप काढली.

"बाबा, दोन बोटं कमी आहे."

टेम्पोबरोबर कारखानदार स्वतः आलेला. तो ओशाळून बोलला, "काका, लोखंड थंड होताना आकसतं. पॅटर्न मोठा ठेवावा लागतो. मला वाटलं, तुम्ही तेवढं धरलं असेल."

"आमच्यात लाकूड फुगतं."

"ते होडीत, काका. वाळूत ते दोन घटका पण राहत नाही."

"मग ठेवायचं होतं जास्त वेळ," मी बोललो.

आजही माझं म्हणणं तेच आहे.

कारखानदार मनाने मोठा माणूस. तो बोलला, चाक परत द्या, वितळवून नवीन ओततो, पण भट्टी आता दिवाळीनंतरच मोकळी. म्हणजे चाक परत दिलं तर दसऱ्याला जागा रिकामी, आणि जागा गेली की नवीन चाक आणून उभं करायचं कुठे? आणि नाही दिलं, तर जे उभं आहे ते कुठल्याच इंजिनाला बसणार नाही. मी चाकाला हात लावू दिला नाही. टेम्पो रिकामा गेला.

दसऱ्याच्या सकाळी सगळे जमले. चाकाला झेंडूचा हार, पुढे बापाची हत्यारं, माझं जुनं फावडं. बायकोने हळदकुंकू वाहिलं. मंडळ नव्या कपड्यांत आलेलं. मुलाबरोबर बिल्डरचा माणूस होता, सफारी घातलेला, बगलेत कागदांची बॅग. त्याने पण चाकाला नमस्कार केला. सवय असणार.

मुलगा सरळ अध्यक्षांना बोलला, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. शब्द मी इंजिनाच्या चाकाचा दिलेला. हे चाक तुमच्या इंजिनाचं आहे का?"

अध्यक्षांनी आराखड्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. आयुष्यभर बँकेत खोटी सही न केलेला माणूस. "असं पाहा," ते बोलले, "काटेकोरपणे विचारलंत तर... नाही."

सफारीवाल्याने बॅगेची चेन उघडली.

मी बोललो, "चाक बरोबर आहे. इंजिन लहान करा."

कोणी हसलं नाही. मीही हसवण्यासाठी बोललो नव्हतो.

एक सभासद हळूच बोलला, "चाकावरचा लोखंडी पाटा जरा जाड चढवून माप भरलं तर?"

"म्हणजे मूळ आराखड्याशी बेइमानी," दुसरा बोलला. "मग हे मंडळ काढलं कशाला?"

मास्तरांनी आकाशात बघून काहीतरी आकडेमोड केली. "थांबा. चाक ज्या प्रमाणात लहान आहे त्याच प्रमाणात सगळंच लहान केलं, बॉयलर, चिमणी, खिळेसुद्धा, तर प्रमाण तेच राहतं. प्रमाण तेच म्हणजे आराखडा तोच. बेइमानी होत नाही."

"रुळांचं काय? रूळ पण जवळ आणावे लागतील."

"रूळ कुठे आहेत अजून?" अध्यक्ष बोलले, आणि पहिल्यांदाच मला तो माणूस आवडला.

मग तिथेच, हारासमोर, सभा लागली. खुर्च्या मांडल्या. काळ्याच्या गटाने विचारलं, लहान इंजिनाचा रंग पुन्हा चर्चेला येणार का. हिरव्याचा गट बोलला, येणार नाही. अध्यक्षांनी दोघांना गप्प केलं, तेही मी पहिल्यांदाच बघितलं. सफारीवाला मुलाच्या कानाला लागला, "ये लोग कितना टाइम लेंगे?" मुलगा बोलला, "बस. नाष्टा येईल."

मंडळ स्थापन झाल्यापासून एका बैठकीत काही ठरलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी ठरलं. हात वर झाले, काळ्याचे पण. अध्यक्ष उभे राहिले आणि कोर्टात उभं असल्यासारखे माझ्या मुलाला बोलले, "मंडळाने इंजिनाची मापं दुरुस्त केली आहेत. आता नीट विचारा."

"हे चाक तुमच्या इंजिनाचं आहे का?"

"आहे. हे आमच्याच इंजिनाचं चाक."

मुलगा मेकॅनिक आहे, त्याला सगळं कळत होतं. हेही कळत होतं की इतक्या शिकलेल्या माणसांनी सणाच्या दिवशी हात वर करून जे केलं ते त्याच्या बापाला खोटं पाडायचं नाही म्हणून. त्याने नारळ उचलला, चाकापुढे फोडला, पहिला तुकडा सफारीवाल्याला दिला. "शेठला सांगा, जागा इंजिनाची आहे."

"कौनसा इंजिन?" तो बोलला.

"बनतंय."

सफारीवाला खोबरं चावत गेला. मंडळी आपट्याची पानं देऊन, पुढच्या रविवारी नवीन मापांसाठी उपसमिती नेमायची ठरवून डोंबिवलीला गेली. बायको आत गेली. आम्ही दोघेच राहिलो. मुलाने आऱ्या एक-एक दाबून बघितल्या, आतल्या बाजूला बोट फिरवलं.

"काम चांगलं केलंय," तो बोलला. मग बोट पुसत बोलला, "बाकीची पण याच मापाची करा म्हणजे झालं."

"मापाचं मी बघतो," मी बोललो.